निरोगी शेजारीण

९ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस आणि तशीच सोडून देतेस. म्हणून पत्र. पत्र वाचलं की नाही हे पाठवणाऱ्याला कळत नाही, तेवढी मोकळीक तुला राहील. पत्ता आईने दिला, बाबा आंघोळीला गेलेले असताना. तिच्यावर चिडू नकोस.

कुशल विचारत नाही, कारण तू सांगणार नाहीस. कामाचं बोलते.

आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं आहे. दिसायला अगदी सामान्य, ब्रेडच्या डब्याएवढं. आत अंगठ्याएवढ्या दोन काचेच्या कुप्या, त्यांच्या तळाशी गरगर फिरणारी एक बारीक काडी, आणि प्रत्येक कुपीत प्राणवायू मोजणारी एक टोकदार सुई. कुपीत माणसाच्या जिवंत पेशी सोडायच्या, झाकण घट्ट लावायचं आणि पडद्याकडे बघत बसायचं. पेशी प्राणवायू खायला लागतात आणि पडद्यावर एक रेघ चढायला लागते. पहिल्यांदा ती चढली तेव्हा मी खुर्चीतून उठले. मी खुर्चीतून सहजासहजी उठत नाही हे तुला माहीत आहे.

श्वास म्हणजे छातीचा भाता असं आपण समजतो. छाती नुसती हमाल आहे, माल आणून टाकते. खरा श्वास पेशीच्या पोटात चालतो. खाल्लेल्या घासातली साखर आधी पेशीत अर्धीमुर्धी फोडली जाते. त्या फोडण्याला प्राणवायू लागत नाही आणि त्यातून ऊर्जाही जेमतेम सुटते. उरलेले तुकडे पेशीतल्या चिमुकल्या तंतुकणिकांमध्ये जातात. शाळेच्या पुस्तकात शेंगदाण्यासारखी आकृती होती ती. तू तिला डोळे काढले होतेस. तिथे त्या तुकड्यांतले इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात दिले जातात, आग विझवायला रांगेत उभी राहिलेली माणसं बादल्या देतात तसे. रांगेत शेवटी प्राणवायू उभा असतो. तो ते घेतो आणि त्याचं पाणी होतं. या देवाणघेवाणीत जो जोर सुटतो त्यावर एक खरोखरचं चाक फिरतं, आणि ते चाक शरीराला चालवणारी ऊर्जा पुडीत बांधून देतं. आत्ता हे वाचताना तुझ्या बोटांत असंख्य चाकं फिरत असतील. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाईला हे आवडायला हरकत नाही.

काम असं. डाव्या कुपीत रोग्याच्या पेशी, उजव्या कुपीत एका निरोगी माणसाच्या, तुलनेसाठी. त्या निरोगी नमुन्याला आम्ही ‘शेजारीण’ म्हणतो. शेजारणी बाहेरून येत नाहीत. इथे रुजू होणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात दंडावरचं तांदळाएवढं कातडं द्यायचं, अशी पद्धत आहे. त्यातून पेशी वाढवतात आणि गोठवून ठेवतात. वर नाव नाही, फक्त आकडा. कोण कुणाची, हे विचारायचं नाही.

या आठवड्यात एका पोस्टमनच्या पेशी आल्या. बिचाऱ्याचे पाय दुपारनंतर उचलत नाहीत. आणि यंत्रात त्याची रेघ शेजारणीच्या कितीतरी वर गेली! माझ्या बाजूला बसणारा चष्मिश म्हणाला, “रोगी धावतोय आणि निरोगी बाई पारावर बसल्यात.” सगळे हसले. मीही.

दोन प्रश्न आहेत. जिना चढताना तुझे पाय अजून जळतात का? आणि फार दमलीस की उलटी होते का, त्या दिवशी झाली तशी? हो किंवा नाही, एवढंच लिही. कारण विचारू नकोस.

— बर्फ
(तूच ठेवलेलं नाव. अजून कुणी याहून बरं सुचवलेलं नाही.)


२७ जानेवारी

ताई,

कार्ड मिळालं. “माझ्यावर प्रयोग नकोत. सरांनी विचारायला सांगितलं असेल तर कळव, मी अजून आळशीच आहे.”

सरांनी सांगितलेलं नाही. मी तुला लिहिते हे सरांना माहीतही नाही. तू अजूनही त्यांना ‘सर’च म्हणतेस, हे वाचून मला क्षणभर पोहण्याच्या तलावाच्या क्लोरीनचा वास आला. तलावाच्या फाटकातून आत गेलं की सर, बाहेर आलं की बाबा, हा नियम त्यांचा. तू घर सोडून गेल्यापासून त्यांना बाहेर पडूच दिलं नाहीस.

हो-नाही काही लिहिलं नाहीस. पण कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहेस, “आत्ताच वर आलेय म्हणून अक्षर असं.” हे मी ‘हो’ धरते.

आता ऐक. मला कुणाला तरी सांगायलाच हवं आणि इथे सगळ्यांना आधीच माहीत आहे.

सगळ्यांचं मत पडलं की यंत्र बिघडलं आहे. मग मी सुईवरचा पातळ पडदा बदलला. सुई घासली. द्रावणं नव्याने केली. चष्मिश म्हणाला, “आता टेबल बदल.” फरक नाही. शेवटी मी कुप्यांची अदलाबदल केली: पोस्टमन उजवीकडे, शेजारीण डावीकडे. आणि बसकी रेघ शेजारणीबरोबर डावीकडे आली! दोष यंत्रात नव्हता, तिच्यात होता.

मग मी दारं तपासली. रांगेत इलेक्ट्रॉन शिरायला दोन मुख्य दारं असतात. साखरेतला बहुतेक माल पहिल्या दाराने येतो. दुसरं दार लहान, बाजूचं. पेशींना बारीक भोकं पाडली की कोणत्या दाराचं अन्न द्यायचं ते आपल्या हातात येतं. आधी पहिल्या दाराचं दिलं. पोस्टमनची रेघ उठली. शेजारणीची जागची हलेना. मग दुसऱ्या दाराचं दिलं, आणि तिची रेघ अशी सटकली की चष्मिश ओरडला, “अगं बाई, उठल्या!”

म्हणजे तिच्याकडे सगळं शाबूत आहे. रांग, चाक, प्राणवायू, सगळं. फक्त पहिलं दार अडकलेलं आहे.

अशा माणसाचं काय होतं, हे मी मोघम सांगते. पोट भरलेलं असतं. छाती धापा टाकून हवा आत घेत असते. पण पायांना काही पोहोचत नाही. बसलेलं असताना निभतं. पळायला लागलं, पोहायला लागलं की पेशी त्या पहिल्या अर्ध्यामुर्ध्या फोडण्यावर दिवस काढतात, आणि त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं. पाय जळतात. मळमळतं. उलटी होते. काठावर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच की काल धडधाकट जेवलेली मुलगी मध्येच तलावातली दोरी धरून थांबली.

मी कुणाबद्दल बोलत नाही. शेजारणीबद्दल बोलते आहे.

आमच्या मोठ्या बाईंनी निकाल पाहिला आणि म्हणाल्या, “काढून टाका ही. दुसरी घ्या. असल्या शेजारणीशी तुलना करून आपण आजारी माणसांना घरी पाठवू.” बरोबरच होतं त्यांचं. पण मी “थांबा” म्हणाले. मोठ्या बाईंना! चष्मिशने चहाचा कप तोंडापर्यंत नेलेला तसाच धरून ठेवला.

— बर्फ


१२ फेब्रुवारी

ताई,

“म्हणजे स्प्रिंग पूर्ण भरलेली आणि पहिलंच चाक अडकलेलं. एवढं सांगायला चार पानं? घड्याळात याला आम्ही बंद पडणं म्हणतो. आणि ही बाई कोण?”

तुझं कार्ड मी चष्मिशला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुझ्या बहिणीला इथे आण आणि तुला घड्याळाच्या दुकानात ठेव.”

ती बाई मी आहे.

हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं होतं, म्हणून आता सरळ एका ओळीत लिहिलं. आकड्यावरून आपली कुपी ओळखू नये असं असतं, पण माझा नमुना मीच गोठवला होता. पोस्टमनच्या दिवशी सगळ्यांबरोबर हसले तेव्हाच मला माहीत होतं. मग बाईंच्या खोलीत गेले.

“बाई, ती शेजारीण टाकू नका.”

“का? नात्यातली आहे?”

“मी आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “बस,” म्हणाल्या. मी बसलेलीच होते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “तू नेहमीच बसलेली असतेस, नाही का.”

ताई, मला माझ्याबद्दल काय काय माहीत होतं बघ. मी शांत आहे. मी थंड डोक्याची आहे. भांडणात पडत नाही, वाद घालत नाही, बस सुटत असेल तर मागे पळत नाही. शाळेत खेळाच्या तासाला मी गुण लिहायला बसायचे. नोकरी बघताना मी पहिलं काय विचारलं? लिफ्ट आहे का. हे सगळं मी स्वभाव म्हणून मिरवत होते. आता असं दिसतं की त्यातला निदान काही भाग काटकसर होती. मला न कळता मी माझी ऊर्जा जपून वापरत होते, आणि लोक म्हणत होते, बाई किती संयमी.

तू जपली नाहीस. फरक एवढाच. तू सरांची मोठी मुलगी, तुला पाण्यात उतरावंच लागलं, आणि तू दर वेळी होतं नव्हतं ते सगळं ओतलंस. रिले शर्यतीत तुझी तिसरी पाळी होती. मी टॉवेल घेऊन काठावर होते. तू अर्ध्यावर दोरी धरलीस, सर शिट्टी वाजवत ओरडत होते, “नाटकं बंद कर!” आणि तुला पाण्यातच उलटी झाली. तलाव रिकामा करावा लागला. त्या संध्याकाळी घरात कुणीही त्यांना बाबा म्हणालं नाही. नंतर वर्षभर दर जेवणाला ‘ढोंगी’ हा शब्द वाढला जायचा, आणि आई तुझ्या ताटात आणखी एक केळं ठेवायची, खात नाहीस म्हणून होतं असं म्हणत. केळ्यांत काही कमी नव्हतं.

आता जे पक्कं आहे तेवढंच सांगते. माझ्या रक्ताची जनुक तपासणी झाली. पहिलं दार पेशीत तयार मिळत नाही, ते जोडावं लागतं. जोडणारा एक सुतार असतो, एक प्रथिन. माझ्या सुताराची कृती दोन्ही प्रतींमध्ये चुकीची छापली आहे. एक प्रत आईकडून, एक बाबांकडून. एकच प्रत चुकीची असेल तर माणसाला काही होत नाही, म्हणून ते दोघं ठणठणीत. त्यांच्या प्रत्येक मुलाला हे होण्याची शक्यता चारात एक. आणि एकाच घरात हे एकाला सौम्य, दुसऱ्याला जास्त असू शकतं.

चारात एक. मी याहून मोठा आकडा सांगू शकत नाही. पण तुझ्यावर पैज लावायची झाली तर मी लावीन, आणि मी पैजा लावत नाही.

तपासणीला ये. तांदळाएवढं कातडं आणि थोडं रक्त, बस.

— बर्फ


६ मार्च

ताई!

उघडलं. दार उघडलं!

थांब, नीट सांगते. बाईंना आठवलं की या सुताराचं एक हत्यार असतं, ते शरीर जीवनसत्त्व ब-२ पासून बनवतं. दुधात, अंड्यात असतं ते. औषधाच्या दुकानात पिवळ्या गोळ्या मिळतात, काही नवलाची गोष्ट नाही. काही जणांमध्ये असं होतं की सुतार वाकडा असतो, पण हत्यार हातात भरपूर दिलं तर तो जमेल तसं काम करतो. सगळ्यांमध्ये होत नाही. म्हणून मी माझ्या पेशी दोन बश्यांत वाढवल्या. एकीला रोजचं खाद्य, दुसरीला तेच आणि वर ब-२ जास्त. आठवडाभर बश्यांना बघत राहिले. चष्मिश म्हणाला, “अंड्यावर बसलेली कोंबडी इतकी टक लावत नाही.”

आज सकाळी यंत्रात घातल्या. डावीकडे उपाशी मी, उजवीकडे खाऊनपिऊन मी. झाकणं लावली. पहिल्या दाराचं अन्न टोचलं. डावीकडची रेघ पसरलेलीच. उजवीकडची थरथरली. मला वाटलं हवेचा बुडबुडा असेल. आणि मग ती उठली, ताई. चढत गेली, चढत गेली. पोस्टमनपर्यंत नाही पोहोचली, पण त्याच्या खांद्याला लागली!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. चष्मिशच्या म्हणण्याप्रमाणे मी “आहे! आहे!” म्हणत टेबल बडवत होते, आणि शेजारच्या विभागातले लोक काही फुटलं का बघायला आले. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “हिचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.”

सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच. कुप्या बदलून केलं. तेच.

डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिल्या. आजपासून सुरू. त्याने लघवी रंगपेटीतल्यासारखी पिवळीधमक होते, तेव्हा तुला दिल्या तर घाबरून मला फोन करू नकोस. किंवा कर. पण तपासणीआधी आपणहून घेऊ नकोस, नाहीतर तुझं दार मुळात अडकलं होतं की नाही ते धड कळणार नाही.

ये. आमच्या डॉक्टरांनी तुझी वेळ धरून ठेवली आहे. सोबत चिठ्ठी जोडते.

— तुझी, आणि आज अजिबात बर्फ नसलेली


२ एप्रिल

ताई,

वेळ टळून गेली. तू आली नाहीस. त्यानंतर कार्ड आलं.

“आणि काहीच निघालं नाही तर? तुझ्याच हिशेबाने चारात तीन. आत्ता निदान शंका आहे. तुझं यंत्र म्हणालं की दार उघडं आहे, तर मग सर खरे आणि मी खरंच ढोंगी. ते कागदावर येईल, शिक्क्यासकट. नको.”

हे कार्ड मी कुणालाही वाचून दाखवलं नाही.

मी तुला खोटा धीर देणार नाही. काहीच निघणार नाही असं होऊ शकतं. पण तू एका गोष्टीत चूक करते आहेस, आणि ती तांत्रिक चूक आहे, म्हणून सुधारते. आमचं यंत्र एका वेळी एकच दार बघतं. ते अडकलेलं दाखवू शकतं. ‘या माणसात काही बिघाड नाही’ असं दाखवणारी कुपी त्यात नाही. पोस्टमनची रेघ उत्तम होती. म्हणून बाईंनी त्याला “जा, चाल” म्हटलं का? नाही. त्याला दुसऱ्या विभागात पाठवलं, तिथे त्याच्या नसांमध्ये दोष सापडला. यंत्र ‘ढोंगी’ असा निकाल देतच नाही. तो निकाल तलावाच्या काठावर दिला गेला होता, कुठलाही नमुना न घेता.

आता दुसरी बातमी. आई-बाबांचं रक्त तपासलं. त्यासाठी सगळं सांगावं लागलं. दोघांकडे एकेक चुकीची प्रत, अपेक्षेप्रमाणे. निकाल सांगायला मी तलावावर गेले, कारण सकाळी बाबा तिथेच सापडतात. मुलं पाण्यात होती. मी त्यांना माझ्या पेशींचा आलेख दाखवला. ते त्याच्याकडे त्यांच्या वेळांच्या तक्त्याकडे बघतात तसे बघत होते, भुवया आवळून.

“ही खालची कोण?”

“मी.”

“आणि ही वर गेलेली?”

“मीच. गोळीचं औषध दिल्यावर.”

“पण खालची... जोर का लावत नाही?”

“लावते आहे, सर. पोहोचत नाही.”

पाण्यात एका मुलीने दोरी धरली. सरांनी सवयीने शिट्टी तोंडाला लावली आणि वाजवली नाही. नुसते म्हणाले, “ए, बाहेर ये. बस जरा.” मुलीला इतकं आश्चर्य वाटलं की ती दोरी धरून तशीच राहिली.

मग मला म्हणाले, “माझ्याकडूनही आलं म्हणतेस?”

“निम्मं.”

“आणि मोठीला?”

“माहीत नाही. ती यायला तयार नाही.”

“का?”

मी सांगितलं. तुझे शब्द जसेच्या तसे. तुला विचारलं नाही. तुला राग येईल; येऊ दे.

ते बाकावर बसले. मी त्यांना तलावावर बसलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. आलेख मांडीवर ओला होत होता. मी तो काढून घेतला, कारण ती एकच छापील प्रत होती.

फाटकापर्यंत पोहोचवायला आले. तिथे गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि माझ्या हातात दिलं. “हे बंद पडलंय,” म्हणाले. “तिला म्हणावं, बघ जमलं तर. घाई नाही.” आणि वळून आत गेले.

मी तपासलं. स्टॉपवॉच चालू आहे. अचूक चालू आहे.

ते पोस्टाने पाठवणार नाही.

— बर्फ


१९ एप्रिल

ताई,

हे पत्र मी तुझ्या जिन्यात बसून लिहिते आहे, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. तुझ्या इमारतीत लिफ्ट नाही हे तू कधी लिहिलं नाहीस. लिहिलं असतंस तर माझ्या पहिल्या पत्रातले दोन्ही प्रश्न विचारायची गरज पडली नसती. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने स्वतःला आळशी म्हणवून घेणं म्हणजे कमाल आहे!

खाली मी तुझी बेल दाबली. बेलच्या जाळीतून तुझा आवाज आला, “कोण?” मी म्हटलं, “पोस्ट.” तू म्हणालीस, “खाली पेटीत टाका.” मी म्हटलं, “सही लागेल.” आणि तू खटकन बंद केलंस. तू ओळखलंस. मला खोटं बोलताना आवाज बदलता येत नाही.

मग मी चढायला लागले. गोळ्या सुरू होऊन दीड महिना होत आला. पहिला मजला मी न थांबता चढले. कठड्यालाही धरलं नाही. दुसरा चढले. दम लागला, पण तो साधा दम होता, लोकांना लागतो तसला. पाय जळले नाहीत. इथे येऊन मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हसले. डावीकडचं दार उघडून एक आजोबा बघायला आले. “काय झालं?” म्हणाले. मी म्हटलं, “जिना चढले.” ते म्हणाले, “छान,” आणि दार लावून घेतलं.

मग मी बसले. दमले म्हणून नाही, हे लक्षात घे. घाबरले म्हणून. वर आल्यावर तू दार उघडलं नाहीस तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि उत्तर नसताना मी पुढे जात नाही. म्हणून हे लिहिते आहे. दाराखालून सरकवीन आणि पायरीवर बसेन. मला बसायची सवय आहे.

पिशवीत तीन गोष्टी आहेत. डॉक्टरांनी उद्या सकाळची नवी वेळ दिली आहे, तिची चिठ्ठी. आईने दिलेली केळी. नको म्हणू नकोस, तिला अजून दुसरं काही सुचत नाही. आणि ते स्टॉपवॉच. ते तुझ्या टेबलावर उघड, भिंगातून बघ, आणि त्यात काय बिघडलं आहे ते तू ठरव. मला त्यातलं कळत नाही.

उद्या काहीच निघालं नाही तर आपण दुसरं दार तपासू. तेही नसेल तर चाक. तेही नसेल तर दुसऱ्या विभागात जाऊ, पोस्टमनसारखं. मी प्रत्येक ठिकाणी तुझ्याबरोबर येईन. यंत्रांची यादी मोठी आहे आणि मी चिवट आहे. हे मला अलीकडेच कळलं.

वर कुठलं तरी दार उघडलं.

कुणीतरी खाली येतंय. दोन पायऱ्या, आणि थांबणं. पुन्हा दोन. कठड्यावर काहीतरी आपटतं आहे, भरलेल्या पिशवीसारखं. एखाद्या दिवसासाठी बाहेरगावी जाताना घेतात तेवढी असावी. दोन पायऱ्या, थांबणं. तलावावरून घरी येताना मी या चालीच्या मागे टॉवेल घेऊन चालायचे. अजून दीड मजला आहे आणि तू

थांब तिथेच! उतरू नकोस. मी वर येते.